सिग्नलला उभा टर्बो

स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या माझ्या एका जुन्या मित्राने गेल्या मे महिन्यात मला तळघरात नेऊन एक खोका उघडून दाखवला. आत जर्मन वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना टर्बोचार्जर होता. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्याने तो हौसेने विकत घेतला होता. वर गॅरेजमध्ये त्याची १९७८ सालची पोर्शे ९११ एससी उभी होती. तीन लिटरचं हवेवर थंड होणारं इंजिन, १८० अश्वशक्ती, टर्बो नाही.

"तू तीसेक वर्षं ट्रकांना टर्बो लावलेस. माझ्या गाडीला एक लावायला काय हरकत आहे?" तो म्हणाला.

मी उत्तर द्यायला वेळ मागितला. हा लेख म्हणजे त्या उत्तराची तयारी. तयारी इतकी लांबली की मी थेट १९०५ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी आल्फ्रेड ब्युखी नावाच्या २६ वर्षांच्या स्विस इंजिनिअरने एका कल्पनेचं पेटंट घेतलं. इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या धुरात भरपूर ऊर्जा असते आणि ती आपण सायलेन्सरमधून हवेत सोडून देतो. त्याऐवजी त्या धुराने एक टर्बाइन फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरीकडे पंखा बसवायचा आणि त्या पंख्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद. कल्पना इतकी सोपी आहे की ऐकणाऱ्याला आपल्यालाही सुचली असती असं वाटतं. ती व्यवहारात उतरायला मात्र वीस वर्षं लागली, कारण लाल तापलेल्या धुरात हजारो फेऱ्यांनी फिरणारी पाती टिकवणारं पोलाद आणि बेअरिंग तेव्हा नव्हतं. १९२०च्या दशकात जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ब्युखीची पद्धत पहिल्यांदा नीट चालली.

मधल्या काळात अमेरिकेत सॅनफर्ड मॉस हा जनरल इलेक्ट्रिकचा इंजिनिअर विमानांसाठी हेच करत होता. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागतं. १९१८ साली त्याने बारा सिलिंडरचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, १४,००० फुटांच्या वर नेलं आणि टर्बो लावून समुद्रसपाटीवरची ताकद तिथे परत मिळवून दाखवली. पुढे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन बी-१७ बॉम्बर विमानं याच विद्येवर उंच उडाली.

जहाज आणि विमान यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही इंजिनं तासन् तास एकाच लयीत, भाराखाली चालतात. ट्रकचंही जवळपास तसंच. मी पुण्यातल्या एका डिझेल इंजिनाच्या कारखान्यात नोकरी केली. खंबाटकी घाट चढणारा मालाने भरलेला ट्रक आमच्या दृष्टीने आदर्श गिऱ्हाईक होता: ॲक्सिलरेटर दाबलेला, धूर सतत वाहता, टर्बो सतत फिरता. शिवाय डिझेलला हवा अडवणारी झडप लागत नाही आणि पेट्रोलसारखं ते अवेळी पेटून नॉकही करत नाही. टर्बो जणू डिझेलसाठीच जन्माला आला. नव्वदच्या दशकात प्रदूषणाचे नियम आले तसा आपल्याकडच्या ट्रकांमध्येही तो घरचा झाला. पुढे तर 'टर्बो' हा शब्द इतका बोकाळला की जिथे इंजिनच नाही अशा वस्तूंवरही तो छापलेला दिसू लागला. असो.

पेट्रोल गाडीची आणि शहरातल्या रस्त्याची गोष्ट वेगळी. तिथे माणूस सिग्नलला थांबतो, निघतो, पुन्हा थांबतो. ॲक्सिलरेटर सोडला की धूर आटतो, टर्बो मंदावतो. पुन्हा दाबला की आधी धूर वाढायला हवा, मग टर्बोने वेग घ्यायला हवा, मग हवा दाबली जाणार. या मधल्या रिकाम्या क्षणाला लॅग म्हणतात. रस्त्यावरच्या टर्बोचा सगळा इतिहास त्या रिकाम्या क्षणाशी केलेल्या झटापटीचा आहे.

पहिली झटापट १९६२ सालची, अमेरिकेतली. जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी एकाच वर्षी दोन टर्बो गाड्या काढल्या. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर मोंझा स्पायडरमध्ये मागे बसवलेलं, हवेवर थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, म्हणजे कागदावर ती माझ्या मित्राच्या ९११ची दूरची बहीण. ओल्ड्समोबाइलची जेटफायर मला जास्त आवडते, कारण ती जास्त धाडसी आणि जास्त वेडी होती. साडेतीन लिटरच्या ॲल्युमिनियम इंजिनातून त्यांनी २१५ अश्वशक्ती काढली आणि लॅगच्या काळात गाडी मरगळू नये म्हणून कॉम्प्रेशनचं प्रमाण चक्क १०.२५ ठेवलं. इतक्या कॉम्प्रेशनवर वरून आणखी हवा दाबली की पेट्रोल वेळेआधी भडकणारच. तो भडका शमवण्यासाठी पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायची सोय केली. मिश्रणाला ऐटदार नाव दिलं, 'टर्बो-रॉकेट फ्लुइड'. त्याची टाकी भरायची जबाबदारी मालकावर. मालकांनी ती पाळली नाही! टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी व्हायचा आणि लोक गाडी मंद आहे म्हणून तक्रार घेऊन यायचे. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या विकल्या गेल्या. नंतर कंपनीने मालकांना टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली आणि कितीतरी लोकांनी ती स्वीकारली. आज टर्बोसकट शाबूत जेटफायर सापडणं कठीण आहे.

युरोपची पाळी १९७३ साली आली आणि मुहूर्त वाईट निघाला. बीएमडब्ल्यूने सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात २००२ टर्बो मांडली. पुढच्या गाडीवाल्याला आरशात वाचता यावं म्हणून तिच्या पुढच्या बाजूला '२००२ टर्बो' ही अक्षरं उलटी रंगवली होती. ऑक्टोबरमध्ये तेलसंकट आलं. नोव्हेंबरमध्ये पश्चिम जर्मनीत रविवारी गाडी काढायला बंदी झाली, ऑटोबानवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आली. त्या वातावरणात 'बाजूला हो' असं ओरडणारी गाडी कुणाला खपणार? अक्षरं मागे घ्यावी लागली. एकूण १,६७२ गाड्या बनल्या. तिचं कॉम्प्रेशन होतं ६.९. जेटफायरने जे केलं त्याच्या बरोबर उलट: भडका टाळायचा तर मुळातलं कॉम्प्रेशनच उतरवा. पण मग टर्बो जागा होईपर्यंत इंजिन अगदी दुबळं. जेव्हा जागा होतो तेव्हा १७० अश्वशक्ती एकदम अंगावर.

पोर्शे याच वाटेने गेली, फक्त येताना शर्यतीच्या मैदानातून आली. उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ॲम मालिकेसाठी त्यांनी ९१७ ला दोन टर्बो लावले. सुरुवातीच्या चाचण्यांत इंजिनाची ताकद एकतर नसायची किंवा सगळी असायची. ड्रायव्हर मार्क डॉनह्यू स्वतः इंजिनिअर होता. त्याने वाइसाखच्या लोकांबरोबर बसून इंधनाचं गणित सुधारून घेतलं. १९७३ ची मालिका त्याने ९१७/३० ने जिंकली, हजारावर अश्वशक्तीच्या गाडीने. १९७४ साली टर्बो लावलेली ९११ ले मान्सला दुसरी आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात रस्त्यावरची ९११ टर्बो विक्रीला ठेवली गेली. त्याआधी ऑगस्टमध्ये फर्डिनांड पोर्शेची मुलगी लुइझे पिएख हिला सत्तराव्या वाढदिवसाला एक टर्बो भेट मिळाली होती, अरुंद बॉडीची, २.७ लिटरची. सत्तरीच्या बाईंना टर्बो गाडी भेट देणारं घराणं मला आवडून गेलं.

पॅरिसच्या गाडीचं इंजिन तीन लिटर, २६० अश्वशक्ती, टर्बोचा दाब ०.८ बार, कॉम्प्रेशन ६.५. पोर्शेने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाबलेली हवा बंद झडपेवर आपटून टर्बोला रोखू नये, म्हणून ती वळसा घालून परत आत घेणारी वाट ठेवली. टर्बो फिरता राहतो, लॅग थोडा कमी होतो. थोडाच. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचं झालं, दाबलेली हवा थंड करायला इंटरकूलर आला, ब्रेक ९१७ च्या धर्तीवरचे आले. तरी गाडीला 'विधवा करणारी' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

ते नाव का पडलं हे मला मागच्या वर्षी कळलं. मित्राच्या ओळखीच्या एकाकडे १९७६ ची टर्बो आहे. त्याने मला श्वार्त्सवाल्डमध्ये शेजारच्या सीटवर बसवून नेलं. गावातून जाताना ती एखाद्या म्हाताऱ्या सरकारी गाडीसारखी वागली. गावाबाहेर ओला रस्ता आणि चढाचं वळण. त्याने पाय दाबला, काही झालं नाही. मी मनात मोजलं, एक, दोन. आणि वळण अर्ध्यावर असताना सगळं आलं. मागचं टोक किंचित बाहेर सरकलं. अशा वेळी शरीर आपोआप पाय उचलतं. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं आहे. पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि ते लोंबतं वजन लंबकासारखं फिरतं. त्याने पाय उचलला नाही, म्हणून मी हे लिहितो आहे. त्याला यात काही विशेष वाटलं नाही. "तिला आधी सांगावं लागतं," एवढंच तो म्हणाला. म्हणजे वळण यायच्या आधीच ॲक्सिलरेटर दाबायचा, ताकद वळण संपताना येईल अशा हिशोबाने. हे शर्यतीत जमतं, कारण तिथे पुढचं वळण कुठे आहे ते माहीत असतं. रस्त्यावर पुढच्या वळणाआड ट्रॅक्टर असू शकतो.

नंतर आलेल्यांनी हा हिशोब यंत्राकडे सोपवला. बव्हेरियातल्या पफाफेनहाउझनच्या आलोइस रूफने १९८७ मध्ये टर्बो नसलेल्या ९११ ची अरुंद बॉडी घेतली, कारण टर्बोचे रुंद मडगार्ड हवा अडवतात. इंजिन ३.४ लिटरचं करून दोन टर्बो लावले आणि संगणकाने इंधन सोडणारी यंत्रणा बसवली. ४६९ अश्वशक्ती. पिवळ्या रंगामुळे तिला 'यलोबर्ड' म्हणू लागले आणि ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास वेग गाठून तिने भल्याभल्यांना मागे टाकलं. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान, हे महत्त्वाचं. लहान पाती हलकी, लवकर जागी होतात. अमेरिकेत रीव्ह्ज कॅलवेने त्याच वर्षी कॉर्व्हेटला दोन टर्बो लावून दिले, तेही थेट शेव्हरोलेच्या विक्रेत्याकडे नोंदवता यायचे. पण एक विसरू नये. रूफ नुसता टर्बो लावत नव्हता, गाडी नव्याने बांधत होता. जर्मन सरकारने त्याला १९८१ पासून उत्पादक म्हणून मान्यता दिली होती.

आता मित्राच्या प्रश्नाकडे. पण त्याआधी मला माझी एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्यालाही तळघरात सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात रविवारी मी आणि एक फिटर मिळून बाहेरची कामं करायचो. एका ट्रकमालकाच्या जुन्या, बिनटर्बोच्या ट्रकला आम्ही टर्बो लावला. पंपाचं इंधन वाढवलं. दोन महिने ट्रक घाटात असा चढला की मालकाने पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात एका पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं. कारखान्यात टर्बो इंजिनात पिस्टनच्या पोटावर खालून तेलाचा फवारा मारून ते थंड ठेवतात. त्या जुन्या इंजिनात तो फवारा नव्हता आणि मला ते माहीत होतं. 'एवढ्याने काय होतंय' असं मी स्वतःला सांगितलं होतं. ट्रक तीन आठवडे उभा राहिला. मालकाचं नुकसान त्याने सोसलं. ड्रायव्हरची तीन आठवड्यांची कमाई बुडाली, ती मला आजही टोचते. मी त्याला पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत.

तर, १९७८ च्या एससीचं कॉम्प्रेशन ८.५ आहे. त्यावर ०.८ बार दिला तर पिस्टनचं काय होईल ते मी पाहिलेलं आहे. ०.३ किंवा ०.४ बार दिला तर इंजिन कदाचित निभावेल, पण तेवढ्यासाठी नवे एक्झॉस्ट पाइप, तेलाची जादा वाट, मोठा ऑइल कूलर, इंधनाची फेररचना हे सगळं करावंच लागतं. पूर्ण दाब हवा तर पिस्टन बदला, मग क्लच, मग गिअरबॉक्स. पोर्शेने टर्बोसाठी वेगळा, चारच गिअरचा, दणकट गिअरबॉक्स बनवला होता तो उगाच नव्हे. मग ब्रेक. आणि या सगळ्याअंती जी गाडी हाती येईल तिच्यात लॅग असेलच.

"पण ऐंशीच्या दशकात लोक करायचेच की," तो म्हणाला. खरं आहे. जर्मनीत तीस वर्षांपुढच्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळते, आणि त्याच काळात रूढ असलेला बदल तपासणीस मान्य करू शकतो. म्हणजे कायद्याची वाट अगदी बंद नाही. वहिनी जिन्यावरून ऐकत होत्या. "अहो, सरळ तयार टर्बोच का नाही घेत?" त्यांनी विचारलं. किंमत ऐकून त्या वर निघून गेल्या.

मी त्याला माझं मत सांगितलं. एससीची खरी मौज ही आहे की पाय जेवढा दाबाल तेवढीच आणि त्याच क्षणी ताकद येते. दुसऱ्या गिअरमध्ये गावातून बाहेर पडताना ती माणसाशी बोलते. टर्बो लावला की ती संभाषणात अडखळेल. वेगच हवा असेल तर आजची साधी ९११ घे. २०१५ नंतर तीसुद्धा टर्बोचीच आहे, दोन टर्बोंची, आणि सिग्नलला उभं राहून निघताना ते कुणाला कळतही नाही. त्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, त्याला वेग नकोय, तो मोजायचा क्षण हवाय. एक, दोन, आणि मग. विशीत असताना त्याने अशा गाडीचा पोस्टर खोलीत लावला होता.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खोक्यातून टर्बो उचलला, दांड्याला बोट लावून फिरवला, मग वरखाली हलवून पाहिला. पातं घराला घासल्याचा बारीक आवाज आला.

"ऐकलंस?"

"ऐकलं," तो म्हणाला. "बेअरिंग गेलंय?"

"गेलंय. किती, ते डायल गेज लावल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्याने टर्बो परत वर्तमानपत्रात गुंडाळला. मी डिसेंबरात पुन्हा जातो आहे, आणि त्याने डायल गेज आणायला सांगितलं आहे.