टाक्यांवर पहारा ठेवणारी कडी

दोन सुयांवरचे विणकाम असो वा क्रोशाचे, हाताला वळण लागले की टाके आपोआप पडू लागतात. मोजणी मात्र आपोआप होत नाही. अडीचशे टाक्यांची शाल विणताना मध्येच दारावरची घंटा वाजली किंवा गप्पांत लक्ष गेले की एखादा टाका निसटतो आणि ते ध्यानात येते आठ-दहा ओळी पुढे गेल्यावर. मग उसवणे आले. दोन संध्याकाळींची मेहनत अशी दहा मिनिटांत लोकरीच्या गुंत्यात परत जाऊ नये, म्हणून विणकाम करणाऱ्यांनी जी साधी युक्ती योजली ती म्हणजे खुणेची कडी. इंग्रजी पुस्तकांत तिला ‘स्टिच मार्कर’ म्हणतात आणि आपल्याकडच्या लोकरीच्या दुकानांतही आता तेच नाव रुळले आहे.

दोन टाक्यांच्या मध्ये सुईवर अडकवलेले हे एक लहानसे वर्तुळ. ते विणले जात नाही. हात तेथवर पोहोचला की डाव्या सुईवरून उजव्या सुईवर ते केवळ सरकवायचे आणि पुढे जायचे. शालीसाठी २४० टाके घालताना दर वीस टाक्यांनंतर एक कडी ठेवली, तर मोजणीबाबत शंका आल्यावर सर्व टाके पुन्हा मोजावे लागत नाहीत. शंकेचा तेवढा वीस टाक्यांचा तुकडा तपासला की झाले. जाळीच्या विणीत तर कडीवाचून निभाव लागणे कठीणच. बारा टाक्यांची नक्षी पुन्हा पुन्हा येत असेल आणि दोन कड्यांमध्ये अकराच टाके भरले, तर चूक त्याच घरात आहे हे लगेच कळते. गळ्यापासून खाली विणत येणाऱ्या रॅग्लन स्वेटरमध्ये पुढचा भाग, पाठ आणि दोन बाह्या यांच्या सीमा चार कड्यांनीच आखल्या जातात. प्रत्येक कडीच्या अलीकडे-पलीकडे एकेक टाका वाढतो, म्हणजे एकाआड एका फेरीत आठ टाके. त्यांपैकी एक कडी वेगळ्या रंगाची असावी लागते, कारण फेरी कोठे सुरू झाली हे तीच सांगते.

क्रोशाचे गणित निराळे

सुयांवरच्या विणकामात चालू ओळीचे सारे टाके सुईवरच उभे असतात. म्हणून बंद कडी तेथे आरामात बसते. क्रोशात मात्र सुईवर बहुधा एकच फास असतो, बाकीचे टाके पुरे होऊन मागे राहिलेले असतात. त्यामुळे क्रोशाची कडी उघडणारीच हवी. ती पुऱ्या झालेल्या टाक्याच्या माथ्यात अडकवता आली पाहिजे आणि गरज संपताच काढताही आली पाहिजे. हा फरक ठाऊक नसल्याने अनेकींची पहिली खरेदी वाया जाते. सुंदर मण्यांच्या बंद कड्या घरी येतात आणि क्रोशाला त्यांचा काडीचा उपयोग होत नाही.

अमिगुरुमी या जपानी नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रोशाच्या बाहुल्यांत या कडीचे महत्त्व विशेष जाणवते. बाहुलीचे डोके सहा टाक्यांपासून सुरू होते. पुढे १२, १८, २४ असे प्रत्येक फेरीत सहा टाके वाढत जातात. फेरी जोडून बंद केली जात नाही, ती गोगलगाईच्या शंखासारखी वर चढत राहते. साहजिकच फेरी कोठे संपली हे डोळ्यांना दिसतच नाही. फेरीच्या पहिल्या टाक्यात कडी अडकवायची आणि प्रत्येक नव्या फेरीत ती वर हलवायची, एवढाच त्यावर उपाय. कडी एका टाक्याने सरकली तरी वाढवलेले टाके भलत्याच जागी पडतात, आणि शेवटी बाहुलीचा एक कान डोक्याच्या मागे जातो.

कापलेल्या दोऱ्यापासून तारेच्या कडीपर्यंत

सर्वांत स्वस्त खूण म्हणजे वेगळ्या रंगाचा दोरा. दहा सेंटीमीटर दोरा दुहेरी करून गाठ मारली की फास तयार. हा दोरा लोकरीचा नको, कारण त्याचे तंतू विणीत अडकून राहतात. गुळगुळीत सुती क्रोशाचा दोरा उत्तम. सेफ्टी पिन आणि कागदाला लावायची टाचणी यांचा वापरही घरोघरी होत आला आहे. मात्र सेफ्टी पिनेच्या शेपटाकडच्या वेटोळ्यात लोकर हमखास अडकते. सरबताची प्लास्टिकची नळी कापून चकत्या करण्याची युक्ती जुन्या पुस्तिकांत आढळते. पण १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर देशभर बंदी आली, त्यात या नळ्याही गेल्या.

हस्तव्यवसाय म्हणून या कड्यांना खरा बहर आला तो या शतकाच्या पहिल्या दशकात. हातच्या वस्तूंची ‘एट्सी’ ही बाजारपेठ २००५ मध्ये आणि विणकाम करणाऱ्यांची ‘रॅव्हल्री’ २००७ मध्ये सुरू झाली. कानातल्यांसारख्या लोंबत्या, मण्यांनी मढवलेल्या कड्यांना तेथे गिऱ्हाईक मिळाले. या कड्या दिसायला मोहक असतात हे खरे. पण कडीची परीक्षा ती काय करते यापेक्षा काय करत नाही यावर होते: ती अडकू नये, ओढू नये, गळून पडू नये आणि डाग सोडू नये. या कसोट्यांना सर्वांत देखण्या कड्याच बहुधा उतरत नाहीत.

अडकण्याचे मूळ असते सांध्यात. दागिन्यांच्या सामानात मिळणारी जंप रिंग म्हणजे वाकवलेल्या तारेचे वर्तुळ. तिची दोन टोके भिडलेली दिसली तरी मध्ये केसाएवढी फट राहते आणि बारीक लोकरीचा तंतू नेमका तेथेच शिरतो. अशी कडी घरी करायची असेल तर पाऊण ते एक मिलिमीटर जाडीची तार घ्यावी. दुकानात तार गेजच्या आकड्याने मागण्यापेक्षा मिलिमीटरमध्ये मागणे शहाणपणाचे, कारण वीस गेजची तार अमेरिकी मापाने ०.८१ आणि ब्रिटिश मापाने ०.९१ मिलिमीटर भरते. तार गुंडाळायला विणायची जाड सुईच घेता येते. आपल्याकडे सुयांचे जुने ब्रिटिश आकडे अजून वापरात आहेत आणि त्यात आकडा मोठा तितकी सुई बारीक: दहा नंबर म्हणजे ३.२५, आठ नंबर म्हणजे ४ आणि चार नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. आठ नंबरच्या सुईवर चालणारी कडी चार नंबरच्या सुईवर वळवली की ती सहज सरकण्याइतकी सैल होते. याहून फार सैल किंवा जाड कडी नको. तिच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांमधला धागा ताणला जातो आणि त्या जागी विणीत उभी, विरळ शिडी उमटते.

वळलेली कडी उघडताना टोके एकमेकांपासून दूर ओढू नयेत. दोन पकडींनी धरून एक टोक पुढे, दुसरे मागे असे बाजूला फिरवावे आणि तसेच परत आणावे. म्हणजे गोलाई बिघडत नाही. टोके बारीक कानशीने सपाट करावीत. हातात कसब असेल किंवा ओळखीचा सोनार असेल, तर सांधा झाळून घेणे हा कायमचा उपाय. एरवी काम नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी कडी जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून फिरवावी. मोज्याचा एकही धागा उचलला गेला, तर ती लोकरीजवळ नेऊ नये.

सांध्याचा प्रश्न मुळातच टाळणारी दुसरी रीत अधिक भरवशाची आहे. माळा ओवण्यासाठी नायलॉनचे वेष्टन असलेली लवचीक पोलादी तार मिळते, ०.३८ मिलिमीटर जाडीची पुरते. तिचा आठ-नऊ सेंटीमीटरचा तुकडा दुमडून वर फास ठेवायचा. दोन्ही टोके आधी क्रिम्प नावाच्या धातूच्या इवल्या नळीतून, मग मण्यातून, मग दुसऱ्या क्रिम्पमधून ओवायची. फासात चार नंबरची सुई घालून माप धरायचे आणि दोन्ही क्रिम्प पकडीने चेपायचे. खाली उरलेली टोके क्रिम्पला लागून कापायची आणि क्रिम्पवर गोल झाकण बसवायचे, म्हणजे बोचत नाहीत. फास अखंड तारेचा असल्याने लोकर शिरायला जागाच राहत नाही. तार लवचीक असल्यामुळे ती सुईवर चिकटूनही बसते. क्रिम्प अर्धवट चेपला तर मात्र विणता विणता मणी गळतो. म्हणून प्रत्येक कडी तयार झाल्यावर तिला एक जोराचा हिसका द्यावा. तुटायची असेल तर ती तेव्हाच तुटावी.

क्रोशासाठी हे दोन्ही प्रकार कुचकामी. तेथे कानातल्यांसाठी मिळणारे, मागून खटक्याने बंद होणारे हूक किंवा साखळीच्या टोकाचा लॉबस्टर हूक वापरतात आणि त्याला खाली मणी जोडतात. असे स्वस्त हूक घेताना धातू कोणता आहे हे विचारावे. निकेलने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते. कोकणातल्या दमट हवेत पितळ आणि तांबे लवकर काळवंडते आणि त्याचा डाग पांढऱ्या लोकरीवर उतरतो. तेथे स्टेनलेस स्टील बरे.

मण्यांची निवड

मणी हलका हवा हे पहिले. बारीक लोकरीत जड काचेचा मणी टाक्याला खाली ओढतो. रंग लोकरीच्या विरुद्ध हवा हे उघड आहे, तरीही काळ्या लोकरीवर गडद निळा मणी लावणाऱ्या हौशी कमी नाहीत. रंगवलेला मणी वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून रंग जातो का ते पाहावे. सामानासाठी पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळील अब्दुल रहमान स्ट्रीट किंवा भुलेश्वर गाठले की पकडीपासून क्रिम्पपर्यंत सारे मिळते. तेथील मण्यांच्या ढिगात उत्तर प्रदेशातील वाराणसी आणि पुरदिलनगरचे काचमणी ओळखू येतात. तुटलेल्या पोतीतले किंवा एका जोडीतून हरवून एकटे उरलेले कानातलेही या कामी येते.

ज्यांची नजर अधू आहे, त्यांच्यासाठी रंगापेक्षा आकार महत्त्वाचा. फेरीच्या आरंभाला चौकोनी मणी, बाह्यांच्या सीमेला गोल आणि नक्षीच्या जागी लांबट, असा संच केला तर बोटांनाच सारे कळते. वयोमानाने मोतीबिंदू झालेल्या, पण विणकाम न सोडलेल्या आजींसाठी याहून उपयोगी भेट नाही. ओळी मोजण्यासाठी दहा कड्यांची छोटी साखळीही करतात. एक ओळ झाली की सुईवर पुढची कडी घ्यायची, जपमाळेत मणी पुढे ओढतात तशीच.

एक धोका मात्र घरच्या कड्यांबाबत फारसा बोलला जात नाही. आपल्याकडे लोकरीचे विणकाम मोठ्या प्रमाणावर होते ते बाळंतविड्यासाठी: टोपडे, कुंची, मोजे, दुपटे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरली जाते. जो तुकडा तीत पूर्ण मावतो तो बाळाच्या घशात अडकू शकतो असे धरतात. खुणेची कडी तीत सहज मावते. मोज्याच्या टाचेत किंवा कुंचीच्या दुमडीत विसरलेली कडी वरून दिसत नाही, आणि बाहुलीत कापूस भरताना आत राहिलेली तर मुळीच नाही. म्हणून काम सुरू करतानाच किती कड्या घेतल्या तो आकडा नमुन्याच्या कागदावर लिहून ठेवावा. बाळंतविडा बांधण्यापूर्वी तेवढ्या कड्या डबीत परत आल्या आहेत की नाही हे पाहावे. एक जरी कमी भरली, तर प्रत्येक कपडा उलटा करून, शिवणीवरून बोटे फिरवून तपासावा. भेट एक दिवस उशिरा गेली तरी चालेल.