राजदूताचा आचारी प्याला, आणि धर्म बुडाला

परवा आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. परदेशातलं कुठलंसं शहर, रात्रीची वेळ, हातात बाटल्या घेतलेली चार-पाच आपली पोरं. भर रस्त्यात गाणी, आरडाओरड, येणाऱ्याजाणाऱ्याला हात. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. "देशाची इज्जत घालवली." "पासपोर्ट जप्त करा." आणि एकानं लिहिलं होतं, "परक्या देशात कसं राहायचं ते गोऱ्यांकडून शिका जरा."

ह्या शेवटच्या वाक्यावर मी अडकलो. कारण गोरे लोक आपल्याकडे परके म्हणून आले तेव्हा कसे वागले, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि ते वाचताना मला माझी एक जुनी बातमी आठवते. ती शेवटी सांगतो. आधी सुरतेला जाऊ.

ईस्ट इंडिया कंपनीचं पहिलं जहाज सुरतेला लागलं १६०८ साली. कप्तान विल्यम हॉकिन्स. तेव्हाची सुरत म्हणजे मुघलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर. अरब, इराणी, आर्मेनियन, पोर्तुगीज, आपले बनिये, सगळ्यांची तिथं ऊठबस. त्या गर्दीत इंग्रज म्हणजे उशिरा आलेलं पाहुणं. ना फौज, ना जमीन. मुघल सुभेदाराची मर्जी असेल तोवर राहायचं.

हॉकिन्स आग्र्याला गेला. त्याला तुर्की येत होती, त्यामुळं जहांगीरशी दुभाष्याशिवाय बोलता यायचं. बादशहा खूश झाला, मनसब दिली, रात्रीच्या मैफलीत बसवलं. आता जहांगीर काही साधा पिणारा नव्हता. एके काळी आपण दिवसाला वीस प्याले घ्यायचो, असं त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलंय. पण गादीवर बसल्यावर त्याच बादशहानं राज्यात दारू गाळायला आणि विकायला बंदीचं फर्मान काढलं होतं. म्हणजे प्यायची रीत ठरलेली होती. रात्री, आतल्या दालनात, बादशहासमोर. दिवसा दरबारात येताना तोंडाला वास नको.

हॉकिन्सचं नेमकं इथंच चुकलं. जॉन जोर्डेन नावाच्या कंपनीच्याच माणसानं लिहून ठेवलंय की दरबारात वास घेऊन येऊ नये असा हुकूम असताना हॉकिन्स तसाच गेला आणि विरोधकांनी ते बादशहाच्या कानावर घातलं. तेव्हापासून त्याची पत घसरत गेली. दुसरीही कारणं होती. पोर्तुगीज त्याच्या मागं लागले होते, सुरतेचे अधिकारी त्याच्यावर नाराज होते. पण वासाचं निमित्त त्यानं स्वतःच त्यांच्या हातात दिलं. १६११ साली रिकाम्या हातानं त्यानं आग्रा सोडलं.

पुढं १६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा राजदूत सर थॉमस रो सुरतेला उतरला. आधीचे व्यापारी होते, हा मानाचा माणूस. कोणापुढं किती वाकायचं, कोणी आधी भेटीला यायचं, ह्यावरून त्यानं सुरतेच्या अधिकाऱ्यांशी बरेच वाद घातले. आणि तो आला न आला तोच त्याच्या आचाऱ्यानं शहरात प्रताप केला.

ही हकीकत एडवर्ड टेरी ह्या पाद्र्यानं सांगितलीय. टेरी वर्षभरानं, १६१६ साली, रोच्या पदरी आला. म्हणजे त्यानं हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, वखारीतल्या लोकांकडून ऐकलेलं. आचाऱ्यानं गावात उतरल्या उतरल्या दारू कुठं मिळते ते हुडकून काढलं. एक आर्मेनियन ख्रिस्ती विकायचा. एवढ्या मोठ्या गजबजलेल्या सुरतेत हा धंदा करणारा दुसरा क्वचितच कोणी असेल, असं टेरी म्हणतो. आचारी तिथं टाकीपर्यंत प्याला आणि झुलत निघाला. वाटेत सुरतेच्या सुभेदाराचा भाऊ माणसं घेऊन घरी चालला होता. आचाऱ्यानं कमरेची तलवार म्यानासकट हातात घेतली आणि त्याला काफर कुत्रा अशी शिवी हासडली. त्या गृहस्थाला इंग्रजी काय कळणार? तो म्हणाला, "क्या कहता?" उत्तर म्हणून आचाऱ्यानं तलवार उगारली. माणसांनी धरलं, हत्यार काढून घेतलं, कोठडीत टाकलं.

आता विचार करा. राजदूताचा नोकर, आणि हात उगारलाय शहराच्या धन्याच्या भावावर. रो काय म्हणाला असेल? माझ्या माणसाला सोडा? नाही. त्यानं निरोप धाडला की मी असल्या बेशिस्त माणसाची बाजू घ्यायला इथं आलेलो नाही, तुम्हाला योग्य वाटेल ती शिक्षा करा. आणि सुभेदाराच्या भावानं काय केलं? आचाऱ्याच्या केसालाही धक्का न लावता त्याला परत पाठवून दिलं.

टेरी ख्रिस्ती पाद्री, पण इथं तो आपल्या माणसाची बाजू घेत नाही. तो वाचकालाच विचारतो, ह्या दोघांत खरा कुत्रा कोण? स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा तो झिंगलेला आचारी, की शुद्धीत असलेला तो सभ्य मुसलमान?

ह्याच टेरीनं आणखी एक नोंद करून ठेवलीय. सुरतेच्या बंदराजवळच्या लोकांचा खलाश्यांशी रोजचा संबंध. त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी यायला लागलं होतं. त्या मोडक्या भाषेत ते काय म्हणायचे? ख्रिस्ती धर्म सैतानाचा. ख्रिस्ती फार पितात, फार वाईट करतात, लोकांना मारतात, शिव्या देतात.

बघा, लोक "अमका खलाशी" म्हणाले नाहीत. "आचारी" म्हणाले नाहीत. सगळं बिल धर्माच्या नावावर फाडलं. टेरीला ह्याचंच दुःख होतं, की ह्या लोकांनी आपल्याला बघूनच आपला धर्म ठरवला.

पुढं वखारीत शिस्त आली. सगळ्यांनी एका छताखाली राहायचं, एका पंगतीला जेवायचं, दोन वेळा प्रार्थना. दारू पिऊन गोंधळ घातला, रात्री बाहेर राहिलं, शिवीगाळ केली तर दंड. ह्या नियमांमागं धर्म होताच, पण धंदाही होता. एका माणसाच्या भांडणानं अख्खी वखार बंद पडू शकत होती, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

आणि तरीही ती माणसंच होती. १६३८ साली मांडेल्सलो नावाचा एक जर्मन तरुण ह्या वखारीत पाहुणा म्हणून राहिला. तो लिहितो की दर शुक्रवारी रात्री प्रार्थनेनंतर वखारीचा मुख्य आणि त्याच्या नात्यातले तीन व्यापारी एकत्र बसायचे. चौघांच्याही बायका इंग्लंडात. घर सोडलं तो वार शुक्रवार. म्हणून दर शुक्रवारी बायकांच्या नावानं प्याला उचलायचा. कोणी वाइन, कोणी पंच. मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. काहींना त्या रात्री झेपेल त्याहून जास्त व्हायची, हेही तो लिहितो. (पंच हे नाव आपल्या 'पाच'वरून आलं असं पुढं जॉन फ्रायरनं लिहिलंय. त्यावर अभ्यासकांत वाद आहे, पण हे पेय आपल्याकडून तिकडं गेलं हे बहुतेकांना मान्य.)

दुबईत, कतारमध्ये एका खोलीत सहा-सहा जण राहणारी आपल्या गावची पोरं मला इथं दिसतात. शुक्रवारही तोच. आखातात वर्षानुवर्षं सुट्टीचा वार.

सुरतेच्या इंग्रजांनी शिस्त पाळली, कारण पाळावी लागत होती. खरी परीक्षा पुढं झाली, सत्ता हातात आल्यावर.

१६६८ साली मुंबई बेट कंपनीकडं आलं, १६८७ साली कंपनीनं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं. आता ते कोणाचे पाहुणे नव्हते. हा धोका आपल्याकडं ओळखलाही होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' स्पष्ट सांगतं, की हे टोपीकर इतर सावकारांसारखे नाहीत, ह्यांच्यामागं राजे आहेत. येऊजाऊ द्या, पण किनाऱ्यावर जागा देऊ नका. कोण किती पितो, ह्याच्याशी अमात्यांना देणंघेणं नव्हतं. पाहुणा कुठं बसतो, त्याकडं त्यांचं लक्ष होतं.

दोनशे वर्षांनी काय चित्र होतं? एकोणिसाव्या शतकात मुंबईत बोटींमागून बोटी यायच्या. पगार खिशात असलेला गोरा खलाशी बंदरावर उतरला की दारूच्या गुत्त्यात. काम सुटलेले, रेल्वे आणि पलटणीतून बाहेर पडलेले गोरे शहरभर भटकायचे. सरकारला ह्याची लाज वाटायची. प्यायलेला गोरा गटारात पडलेला 'नेटिव्हां'नी पाहिला तर साहेबाचा दरारा काय राहणार? म्हणून १८६९ साली आणि पुन्हा १८७४ साली युरोपियन भटक्यांसाठी कायदा केला. अशांना उचला, वर्कहाउसमध्ये ठेवा, जमलं तर मायदेशी धाडा. खलाश्यांनी गुत्त्यात जाऊ नये म्हणून १८७६ साली मुंबईत भव्य सेलर्स होम उभं राहिलं. वास्तुविशारद व्हीटी स्टेशनवालाच, स्टीव्हन्स. बांधकामाला मोठी देणगी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची. म्हणजे गोऱ्याची दारू आवरायला पैसा कोणाचा, तर मराठी संस्थानिकाचा!

पण ही झाकपाक झाली गरीब गोऱ्याची. सत्तेतल्या गोऱ्याचं काय? त्याच सुमारास आग्र्याला फुलर नावाच्या एका इंग्रज वकिलानं सईसाला मारलं, सईस मेला. फुलर प्यालेला नव्हता, पूर्ण शुद्धीत होता. शिक्षा ३० रुपये दंड. आणि १८८३ साली इल्बर्ट बिल आलं. जिल्ह्याच्या ठिकाणी भारतीय न्यायाधीशांनाही गोऱ्यांवरचे खटले चालवता यावेत, एवढंच त्यात होतं. त्यावर हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी आकाशपाताळ एक केलं. काळा माणूस आमचा न्याय करणार? शेवटी तडजोड म्हणून गोऱ्यांना निम्मे गोरे असलेली ज्युरी मागायची सवलत द्यावी लागली.

आता रो आठवा. तुम्हाला वाटेल ती शिक्षा करा, म्हणणारा. देश तोच, माणसंही त्याच जातकुळीची. मधल्या काळात दारू बदलली नव्हती, पारडं बदललं होतं. परक्या गावात माणूस नीट वागतो तो बऱ्याचदा संस्कारामुळं नाही, आपलं इथं काही चालणार नाही ह्या जाणिवेमुळं. आणि जिथं आपलं चालतं तिथं तो कसा वागतो, त्यावरून तो कळतो.

म्हणून आता माझी बातमी.

दहा-बारा वर्षं झाली. गावाबाहेर पुलाचं काम चालू होतं, परराज्यातले मजूर आलेले. बाजारच्या दिवशी रात्री एसटी स्टँडवर दारू पिऊन मारामारी झाली. मी हेडलाइन दिली, "परप्रांतीय मजुरांचा दारू पिऊन धिंगाणा". चार कॉलम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरमालकांनी खोल्या खाली करून घेतल्या. संध्याकाळी त्याच स्टँडवर बोचकी घेऊन वीस-बावीस माणसं बसलेली. एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल. त्यातला एक पन्नाशीचा माणूस मला ओळखून जवळ आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "साहब, पी तो दो जनों ने थी."

खरं तर प्यालेले तिघं होते. तिसरा आमच्याच गावचा होता आणि पहिला हात त्यानंच उचलला होता. पोलीस ठाण्यात मला हे कळलं होतं. पण "गावचा पोरगा आहे, जाऊ द्या" म्हणून मी ते लिहिलं नाही. आमच्या पोराचं नाव झाकलं आणि त्यांचं गाव छापलं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला बातमीत काय घ्यायचं ते शिकवलं होतं. काय गाळलं की बातमी खोटी होते, ते त्या माणसानं शिकवलं.

सुरतेत सत्ता ज्याच्या हातात होती त्यानं शिवी खाऊनही आचाऱ्याला सोडून दिलं. आमच्या गावात सत्ता माझ्या हातात होती. चार कॉलम का होईना.

तेव्हापासून एक नियम पाळतो. गुन्ह्याच्या बातमीत माणसाचं राज्य, जात, धर्म, त्याचा गुन्ह्याशी संबंध नसेल तर घालत नाही. संपादकांशी ह्यावरून दोनदा वाजलंय.

परवाच्या व्हिडिओतली पोरं चुकलीच. परक्या गावात, परक्या लोकांच्या रस्त्यावर असं वागू नये. त्यांना तिथल्या कायद्यानं जी शिक्षा व्हायची ती व्हावी, रोनं सांगितलं तशी. पण तो व्हिडिओ फॉरवर्ड करताना खाली "हे लोक असलेच" असं लिहायच्या आधी जरा थांबा. आपल्या तालुक्यातली कित्येक पोरं आज आखातात आणि युरोपात आहेत. ज्यांनी थेंबही घेतला नाही, त्यांना उद्या खोली भाड्यानं मिळवायचीय.

ता.क. मुंबईतलं ते सेलर्स होम आजही उभं आहे, रीगल सिनेमासमोर. तिथं आता महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. आणि आचाऱ्यानं पहिल्याच दिवशी दारू हुडकली ती सुरत १९६० पासून दारूबंदीच्या राज्यात आहे.