आपल्या अंगावर घेतलेले दुखणे

परंडा तालुक्यातील सोनारी हे भैरवनाथाचे जुने ठाणे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांचे भैरवनाथ आपले मूळ सोनारीचेच सांगतात. चैत्रातल्या यात्रेत नवस फेडणारी माणसे दिसतात. कोणी अनवाणी चालत आलेले, कोणी लोटांगण घालत. विचारले तर उत्तर बहुधा एकच येते : पोरगं आजारी होतं. ताप मुलाला आणि सोललेले गुडघे आईचे, असा हा व्यवहार. बगाडाच्या जुन्या प्रथेत तर नवस करणारा पाठीत लोखंडी गळ टोचून घेत असे. आपल्या भाषेतही हा विचार मुरलेला आहे. 'जीव ओवाळून टाकणे' म्हणताना आपण तेच म्हणतो.

हा विषय डोक्यात आला तो भाच्याच्या खेळामुळे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा, टेबलाभोवती बसून फाशांवर आणि कल्पनेवर खेळायचा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्याच्या २०१७ च्या एका पुस्तकात जखम बरी करण्याचा एक मंत्र आहे. मंत्र म्हणणाऱ्याने आठ बाजूंचे चार फासे टाकायचे. जेवढी बेरीज, तेवढे त्याचे स्वतःचे प्राणगुण कमी होतात आणि रोग्याला त्याच्या दुप्पट मिळतात. एका फाशाची सरासरी साडेचार, म्हणजे वैद्याचे सरासरी १८ जातात व रोग्याला ३६ मिळतात. (संभाव्यता शिकवताना हे उदाहरण मुलांना फार आवडेल.) वरचे १८ आले कुठून, असे मी विचारले. "मामा, तो मंत्र आहे," असे उत्तर मिळाले. अक्षय्यतेचा नियम तिथे लागू नाही. पण दुप्पट मिळाले नाही तर तो मंत्र फारसा कोणी वापरणार नाही, हे खेळ रचणाऱ्यांनी बरोबर ओळखले आहे.

इतिहासात याचे प्रसिद्ध उदाहरण बाबराचे. १५३० साली हुमायून फार आजारी पडला, तेव्हा बाबराने त्याच्या शय्येभोवती फेऱ्या घालून त्याचे दुखणे स्वतःवर मागून घेतले, असे बाबराची मुलगी गुलबदन बेगम हिने लिहून ठेवले आहे. हुमायून उठला, बाबर त्याच वर्षी २६ डिसेंबरला वारला. मात्र या दोन घटनांमध्ये काही महिने गेले होते. एकापाठोपाठ घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे होत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगली गोष्ट क्वचितच मिळेल.

आता मुंबईला येऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग ओळखला गेला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी काम सुरू केले. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, तर वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत येते. मग ते तापवून मारायचे. आपल्या घरचे तूप प्लेगच्या लशीत कामी आले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांनी का गाळली कोण जाणे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घनसेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना देत त्याच्या तिपटीहून ही मात्रा जास्त होती. ताप चढला, टोचल्या जागी वेदना झाल्या, पण ते बरे झाले. १८९२ साली पॅरिसमध्ये पटकीची लसही त्यांनी आधी स्वतःलाच टोचली होती.

पण इथे नीट विचार करायला हवा. हाफकिन यांना आलेला ताप कोणाही रोग्याच्या अंगातून काढलेला नव्हता. त्यांच्या वेदनेने एकही माणूस बरा झाला नाही. त्यातून मिळाले ते एवढेच ज्ञान, की एवढ्या मात्रेनेही माणूस दगावत नाही. लस प्लेगला अडवते की नाही, हे त्या प्रयोगातून कळणे शक्यच नव्हते. एका माणसावरून ते कळत नाही. त्यासाठी त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरल्यावर टोचून घेतलेले कैदी आणि न टोचलेले कैदी यांची तुलना करावी लागली. न टोचलेल्यांत रोगी आणि मृत्यू अधिक निघाले. कैद्यांची 'स्वेच्छा' कितपत खरी असते, हा प्रश्न आज आपण विचारू. तेव्हा तो फारसा विचारला गेला नाही. मात्र सरकारी टोचणीवर लोकांचा विश्वास नसताना, लस करणाऱ्याने ती आधी स्वतः घेतली आहे, याला मोल होतेच.

त्याच वर्षी पुण्याजवळ दुसरी घटना घडली. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यात त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाफकिन यांनी मोजून मापून मात्रा घेतली होती. इथे मोजमाप नव्हते. दुखणे एकातून दुसऱ्यात गेले खरे, पण त्यामुळे पहिल्याचे रतिभरही कमी होत नाही. जंतू वाटले जात नाहीत, ते वाढतात.

प्लेगच्या रोग्याला उचलताना नेमके कशाला जपायचे, हे त्यांना कोणी सांगूही शकले नसते. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते जून १८९८ मध्ये, आणि तेही बहुतेकांना पटले नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत ते प्रयोग पुन्हा झाले, तेव्हा कुठे ते मान्य झाले.