रवांडा : झुरळं म्हणणारा रेडिओ आणि त्यानंतरचा

आजचा भाग रवांडावर. माझ्यासारख्या माईकसमोर बसणाऱ्याला हा विषय जरा जास्तच टोचतो.

१९९४ मध्ये एप्रिल ते जुलै, साधारण १०० दिवसांत तिथं ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, हे तुम्ही कुठंतरी ऐकलंच असेल. पण त्याआधी त्या शेजाऱ्यांच्या कानावर काय पडत होतं?

जुलै १९९३ मध्ये आरटीएलएम हे रेडिओ स्टेशन सुरू झालं. सरकारी रेडिओसारखं रटाळ नव्हतं हां! चालू गाणी, विनोद, श्रोत्यांशी गप्पा. तरुण पोरांना फार आवडायचं. आणि त्या गाण्यांच्या मधूनमधून तुत्सींना ‘झुरळं’ म्हणायचे. हसत हसत. कत्तल सुरू झाल्यावर याच आवाजांनी लोकांची नावं आणि लपायच्या जागा सांगितल्या. संस्थापकांपैकी एक, फर्दिनां नाहिमाना, चक्क इतिहासाचा प्राध्यापक! आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००३ मध्ये त्याला दोषी ठरवलं. अपिलात शिक्षा कमी झाली, पण चिथावणीचा गुन्हा कायम राहिला.

किगालीच्या स्मारकात अडीच लाखांहून जास्त लोकांना पुरलंय. तिथं मुलांसाठी वेगळा कक्ष आहे. एकेका मुलाचा फोटो, आणि खाली त्याचा आवडता खाऊ, आवडता खेळ. ८ लाख हा आकडा माझ्या डोक्यात मावत नाही, खाऊ मात्र लक्षात राहतो.

२००४ मध्ये तिथंच रेडिओवर ‘मुसेकेवेया’ ही मालिका आली. दोन गावांचं भांडण, त्यात एक प्रेमप्रकरण. हुतू-तुत्सी हे शब्दच नाहीत. द्वेष पायरी-पायरीनं कसा चढतो, एवढंच दाखवायचं.

परिणाम झाला का? एलिझाबेथ लेव्ही पालक या संशोधक बाईंनी काही गावांत वर्षभर ही मालिका ऐकवली, बाकीच्या गावांत आरोग्यावरची. लोकांची मनातली मतं फारशी बदलली नाहीत. मला हे प्रामाणिक वाटलं. पण शेवटी गावाला टेपरेकॉर्डर आणि कॅसेट भेट दिल्या, तेव्हा गंमत झाली. तो ठेवायचा कुणाकडे? आरोग्यवाल्या गावांत चटकन ठरलं, पुढाऱ्याकडे द्या. ‘मुसेकेवेया’ ऐकलेल्या गावांत लोक म्हणाले, थांबा, का म्हणून? आणि वाद घालत बसले.