भाषाशिक्षकांचे सहकार्य (माध्यमिक शिक्षण)

भाषाशिक्षकांचे सहकार्य म्हणजे विद्यार्थ्यांचे वाचन-आकलन व लेखन सुधारण्यासाठी शिक्षकांनी पाठांचे नियोजन, अध्यापन आणि उत्तरांचे मूल्यमापन एकत्रितपणे करण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात दहावीच्या मराठी विषयाच्या परीक्षेत मुक्तोत्तरी कृतींना स्थान मिळाल्यामुळे या पद्धतीला विशेष महत्त्व आले आहे.

पार्श्वभूमी

शेजारच्या शाळांनी साधने व अनुभव वाटून घ्यावेत, यासाठी शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने (१९६४–६६) मांडली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तिचा पुनरुच्चार असून, प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. जपानमधील ‘जुग्यो केन्क्यू’ या पद्धतीत शिक्षक एकत्र पाठ आखतात, एकाच्या अध्यापनाचे इतर निरीक्षण करतात आणि नंतर त्यावर चर्चा करतात. अमेरिकेत १९७४ साली बर्कली येथे सुरू झालेल्या ‘बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट’ने शिक्षकांनीच शिक्षकांना लेखनाध्यापन शिकवण्याचा मार्ग रूढ केला.

कृतिपत्रिकेचे स्वरूप

दहावीचे मराठी कुमारभारतीचे सध्याचे पाठ्यपुस्तक २०१८-१९ पासून लागू झाले. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांना तोंडी परीक्षेचे गुण नव्हते. २०१९-२० पासून ८० गुण लेखी व २० गुण अंतर्गत मूल्यमापनासाठी ठेवण्यात आले. लेखी परीक्षा कृतिपत्रिकेच्या स्वरूपात घेतली जाते. तिची विभागणी अशी :

• गद्य – १८ गुण
• पद्य – १६ गुण
• स्थूलवाचन – ६ गुण
• भाषाभ्यास – १६ गुण
• उपयोजित लेखन – २४ गुण

गद्य विभागात अपठित उताऱ्याचा समावेश असल्याने केवळ पाठांतर पुरेसे ठरत नाही. स्वमत, रसग्रहण आणि उपयोजित लेखन यांना एकच ठरावीक उत्तर नसते. त्यामुळे उत्तराची गुणवत्ता कशी ठरवावी, हा शिक्षकांपुढील मुख्य प्रश्न असतो.

सामूहिक मूल्यमापन

मंडळाच्या परीक्षेत परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांची पडताळणी नियामक करतात. शाळेच्या पातळीवर हेच तत्त्व वर्षभर वापरता येते. दोन किंवा अधिक शिक्षक एकच उत्तर स्वतंत्रपणे तपासतात, गुणांतील फरकाची कारणे शोधतात आणि आशय, मांडणी, भाषा व शुद्धलेखन यांसाठी समान निकष ठरवतात. विद्यार्थ्याने मत मांडले पण उताऱ्यातील आधार दिला नाही, असे अनेक उत्तरांत आढळल्यास पुढील पाठात आधार शोधण्याचा सराव घेता येतो. अशा वेळी तपासणी केवळ गुणदानापुरती न राहता अध्यापनाची दिशा ठरवते.

नाशिकमधील संदर्भ

मंडळाच्या नाशिक विभागात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे येतात. नाशिक जिल्ह्यातील बागलाण व मालेगाव परिसरात अहिराणी, तर सुरगाणा व पेठ भागात कोकणा बोली प्रचलित आहे. अशा विद्यार्थ्यांच्या लेखनातील एखादे रूप बोलीतून आलेले आहे की ती आकलनातील उणीव आहे, हे ओळखणे आवश्यक ठरते. बोली जाणणारा व न जाणणारा शिक्षक एकत्र बसल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो.

मर्यादा

लहान शाळांत मराठीचा एकच शिक्षक असल्यास सहकार्यासाठी इतर शाळांवर अवलंबून राहावे लागते. वेळापत्रकात सामाईक तास नसणे आणि वर्गातील मोठी पटसंख्या याही अडचणी आहेत. तसेच निकषांचा अतिरेक झाल्यास उत्तरे साचेबद्ध होतात आणि स्वमताचा मूळ हेतूच बाजूला पडतो.