पन्हा, शिवण आणि शीड

इंग्रजीत कामगारांच्या जाड सुती पोशाखाला 'डंगरी' म्हणतात, हे आपणांस ठाऊक असेल. तो शब्द आपल्याच बाजारातून तिकडे गेला. डोंगरी किंवा डुंगरी नावाचे जाडेभरडे सुती कापड आपल्या पश्चिम किनाऱ्यावर विकले जाई. 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याचे दोन उपयोग नोंदलेले आहेत. बऱ्या पोताचे कापड गोरगरिबांच्या अंगावर जाई; जाड पोताचे देशी गलबतांच्या शिडांना आणि तंबूंना लागे. म्हणजे आज जगभर पोशाखाचे नाव म्हणून वावरणारा हा शब्द एके काळी आपल्या शिडांचे कापड होता. त्या शिडाची शिवण कशी होती, हे मात्र आपल्या इतिहासाने फारसे विचारलेले नाही. या लेखात ते विचारू या.

आरमाराचा इतिहास आपण वाचतो तो माणसांचा, तोफांचा आणि लाकडाचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांसाठी कोणते लाकूड तोडावे, रयतेच्या आंब्या-फणसाला तिच्या संमतीवाचून हात का लावू नये, हे त्यात बजावून सांगितले आहे. वाऱ्यावाचून हलणार नाहीत अशी अवाढव्य जहाजे करू नयेत, गुराबा आणि गलबते मध्यम आकाराची असावीत, असाही त्यात आग्रह आहे. वारा आणि वल्हे या दोन्हींवर चालणारे जहाज हवे, हा त्या धोरणाचा गाभा. मग त्या वाऱ्याला धरणारे कापड कसे होते?

इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गलबत क्वचितच ७० टनांपेक्षा मोठे असे. त्याला ४० ते ५० वल्ही असत आणि दोन डोलकाठ्या, त्यांतली मागची अगदी हलकी. मुख्य डोलकाठीवर एकच शीड, पण ते त्रिकोणी आणि फार मोठे. चढवले की त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. हे 'फार मोठे' शब्द वाचून आपण पुढे जातो. पण थोडे थांबा. एवढे मोठे कापड आले कुठून?

एवढे रुंद कापड विणलेच जात नव्हते. हातमागावर विणकर धोटा एका हाताने फेकतो आणि दुसऱ्या हाताने झेलतो. त्याचे हात जितके पसरतील, तितकाच पन्हा. ही अडचण सगळ्या जगाची होती. इंग्लंडमध्ये जॉन के याने दोरीने ओढायचा धोटा काढला तो १७३३ साली. आणि त्यानंतरही इंग्रजी आरमाराच्या शिडांचे कापड २४ इंच पन्ह्याचेच राहिले. म्हणून शीड हे विणण्याचे नव्हे, जोडण्याचे काम होते.

हिशेब करून पाहू. समजा, कापडाचा पन्हा एक हात, म्हणजे २४ अंगुळे आहे आणि शीड २४ हात रुंद करायचे आहे. २४ पट्टे पुरतील असे वरवर वाटते. पण जोडताना एका पट्ट्याचा काठ दुसऱ्यावर दोन अंगुळे चढवावा लागतो. २३ शिवणींत ४६ अंगुळे, म्हणजे जवळजवळ दोन हात रुंदी गडप होते. म्हणून पट्टे २६ लागतात. शीड त्रिकोणी; मागच्या कडेचा पट्टा सर्वांत लांब, तो ३६ हात धरू. पुढे येताना पट्टे आखूड होत जाणार, तेव्हा सरासरी १८ हात. एकूण कापड झाले ४६८ हात. शिवणी २५, आणि प्रत्येक शिवणीत टाक्यांच्या दोन ओळी, दोन्ही काठ बसवण्यासाठी. हाताने घालायची शिवण सुमारे ९०० हात भरते. यात कडा दुमडणे आणि त्यांना दोर टाचणे धरलेलेच नाही.

कापण्यातही शहाणपण होते. पट्ट्याचे वरचे टोक तिरपे कापावे लागते. अशा कापडाला उलट-सुलट बाजू नसते, म्हणून एका तिरप्या कापात दोन पट्ट्यांची टोके साधतात आणि चिंध्या पडत नाहीत. पण काप कुठे तिरपा चालेल आणि कुठे नाही, हे समजण्यासाठी आपला हातरुमाल घ्या. काठाच्या दिशेने ओढा. तो ताठ राहील. आता दोन समोरचे कोपरे धरून ओढा. तो लांबेल आणि वेडावाकडा होईल. शिडाची मागची कड कोणत्याही लाकडाला बांधलेली नसते, वाऱ्यात मोकळी असते. म्हणून पट्टे त्या कडेला समांतर ठेवतात, म्हणजे तिथे अखंड काठ आणि सरळ धागा येतो. तिरपा काप जातो वरच्या लांब काठीकडे. तिथे दुमड, दोर आणि लाकूड त्याला आवरून धरतात.

आणखी एक मेख आहे. सपाट कापड वारा नीट धरत नाही. त्याला बेताचे पोट हवे. ते शिवणीतच द्यावे लागते. मध्यावर दोन अंगुळे चढवलेला काठ टोकांकडे तीन अंगुळे चढवला, की शीड ओंजळीसारखे फुगते. पोट कमी झाले तर जोर नाही. जास्त झाले तर वाऱ्याच्या तोंडावर चालताना गलबत एका बाजूला ढकलले जाते. १८५१ साली 'अमेरिका' नावाच्या नौकेने इंग्लंडच्या नौकांना शर्यतीत हरवले, त्याचे एक कारण तिची सपाट बेताची सुती शिडे होती. इंग्रजांची जवसाच्या धाग्याची शिडे पोट सोडून लोंबत. आपल्या किनाऱ्यावर मात्र सूतच वापरात होते.

पन्हा अपुरा म्हणून जोड आली, हे खरे. पण जोड केवळ नाइलाज राहिली नाही. फाटत आलेले कापड दुहेरी शिवणीपाशी अडते. एक पट्टा कुजला तर तेवढाच उसवून नवा बसवता येतो. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढली, की नारळी पौर्णिमेपर्यंत डागडुजीचाच हंगाम. हे काम कारखान्यातले नव्हते. १९३८-३९ मध्ये कुवेतच्या शिडाच्या जहाजातून प्रवास करणाऱ्या ॲलन व्हिलियर्स यांनी याच अरबी समुद्रात खलाशांनाच शिडे शिवताना पाहिले.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. एका जहाजाला लागलेली आग एकमेकांना बांधलेल्या जहाजांत पसरत गेली. दगडी तट आजही उभा आहे. कापड मात्र आगीतून वाचले तरी पाण्यातून आणि बुरशीतून वाचत नाही. विसाव्या शतकात इंजिने आली, पुढे कृत्रिम धाग्याचे कापड आले. टाक्यांची ती विद्या लिहून ठेवण्याआधीच हातांबरोबर निघून गेली.

वाचकहो, यात आपल्याला करण्यासारखे काही उरले आहे. वेंगुर्ल्याला गलबतांतून उतरलेला माल आंबोली घाटाने बेळगावात येई. गायकवाडांचे आरमार बिलिमोऱ्याला असे. गोव्याच्या नदीकाठच्या घरांचे तर बोलायलाच नको. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मोडीतले जमाखर्च अजून पडून आहेत. वतनाच्या सनदा आपण जपतो आणि खर्चाच्या याद्या रद्दीत घालतो. त्या याद्या एकदा मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. 'डोंगरी इतके हात, सूत इतके शेर, दोर, शिवणावळ' अशी एखादी ओळ सापडली, तर पन्हा, पट्टे आणि शिवणीचा हिशेब आज मी केला तसा 'समजा' म्हणून करावा लागणार नाही.