मागाठाण्याहून सोपाऱ्याला

बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून कान्हेरीच्या पायऱ्या चढता चढता तुम्ही अठराशे वर्षं मागे गेला आहात. दुसरं शतक संपत आलंय, राज्य यज्ञश्री सातकर्णीचं आहे. तिसऱ्या लेण्याच्या दारात उभे राहा. आत अजून छिन्नी चालू आहे, दगडाची भुकटी घशात जाते. या चैत्यगृहाचा खर्च करणारे व्यापारी आहेत, सख्खे भाऊ.

भिंतींवर कोरलेली दात्यांची नावं वाचत पुढे चला. कोणी कल्याणचा, कोणी चौलचा, कोणी नाशिकचा, कोणी सोपाऱ्याचा. कोणी पाण्याची पोढी खोदून दिली, कोणी भिक्षूंच्या चिवरांसाठी शेत लावून दिलं. एका लेखात मंगलठाण हे गाव आहे. तेच आपलं मागाठाणे, जिथे आज बसडेपो आणि मेट्रोचं स्टेशन आहे. ध्यानाला बसायला डोंगर हवा हे खरंच, पण हा डोंगर पोसला बंदरांनी. मुंबईचा इतिहास सांगताना आपण सात बेटं आणि पोर्तुगीजांपासून सुरुवात करतो, हे मला फार खटकतं. ती बेटं कोणाच्या गणतीतही नव्हती, तेव्हा उपनगराचा हा पट्टा कल्याण आणि सोपारा या दोन बंदरांच्या मधोमध गजबजलेला होता.

आता दहिसर नदीच्या काठाने खाली उतरा. खाडीवर होडी मिळेल. नावाडी बोलका असेल तर उषवदाताची गोष्ट निघेलच. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने डहाणूच्या नदीवर आणि तापीवरही फुकट तरीची सोय केली, सोपाऱ्यात धर्मशाळा बांधली, रामतीर्थासह चार ठिकाणच्या चरक पंथीयांना 32,000 नारळाची झाडं दिली. नाशिकच्या लेण्यात त्याने हे सगळं कोरून ठेवलंय.

सोपाऱ्याच्या धक्क्यावर वास येतो तो सुकटीचा, डांबराचा आणि पिंपळीचा. घाटावरून बैलांच्या पाठीवर माल उतरलाय: पैठणकडचा अकीक, तेरचं सुती कापड, हस्तिदंत. समोरून येतं ते तांबं, कथील, पोवळं आणि दोन कानांच्या उंच कुंभांतलं मद्य. त्यात इटलीचं सगळ्यांत मानाचं, मग सिरियातल्या लाओदिकियाचं. इजिप्तहून गलबतं निघतात जुलैत, नैऋत्येचा वारा पाठीशी घेऊन. परत जातात ती डिसेंबर-जानेवारीत, वारा फिरल्यावर. मधले महिने यवनांना इथेच काढावे लागतात.

धंदा मात्र निर्धास्त नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात सोपारा आहे, कल्याणही आहे. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो बजावतो. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्यात बंदरं अशी बंद पडायची, उघडायची. तुम्ही आलात तेव्हा किनारा पुन्हा सातवाहनांच्या हातात आहे.

गावाबाहेर स्तूपाशी गर्दी दिसते, तिकडे चला. सोन्याच्या एका डबीत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे ठेवलेत, बुद्धाचं पात्र म्हणून पुजलेले. ती डबी स्फटिकाच्या डबीत, ती दगडाच्या, मग चांदीच्या, मग तांब्याच्या. भोवती सोन्याची फुलं. कोणीतरी यज्ञश्रीचं चांदीचं नाणं ठेवतो. एका बाजूला राजाचा मुखवटा, नाक चांगलं ठसठशीत. मग दगडी पेटीचं जड झाकण बसतं.

ते झाकण 1882 च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उघडलं. आता तुम्ही त्यांच्या शेजारी उभे आहात, बुरुड राजाच्या कोटावर. डब्या तशाच आहेत, नाणंही आहे. पण तांब्याच्या डबीभोवती आठ बुद्धमूर्ती मांडलेल्या आहेत, मैत्रेयासकट, आणि त्यांची घडण आठव्या-नवव्या शतकातली. मधल्या काळात कोणीतरी ही पेटी उघडली, मूर्ती ठेवल्या आणि सोन्याला हात न लावता झाकण पुन्हा लावलं. मला या अनाम माणसांबद्दल फार माया वाटते.

हे सगळं आज फोर्टला एशियाटिक सोसायटीकडे आहे. स्तूप नालासोपारा पश्चिमेला आहे, इमारतींच्या गराड्यात. त्याच 1882 मध्ये भातेळे तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि 1956 मध्ये भुईगावात नवव्याचा. शिलालेख एकूण चौदा होते. वसई-नालासोपाऱ्यात दर आठवड्याला नवे पाये खणले जातात. ती माती ट्रकमध्ये भरण्यापूर्वी जाणत्या माणसाने एकदा नजरेखालून घालावी, एवढी तरी सक्ती हवी.